साठवण की साठेबाजी?

माझं ऑफिस रॅफल्स प्लेसला. २० जुलै २०२३ रोजी भारताने बासमतीखेरीज इतर पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली. बातमी वाचताच मी घरी फोन केला, "मिळेल तेवढा कोलम आणून ठेव." संध्याकाळी पाच-पाच किलोच्या सहा पिशव्या घरी आल्या. गणपतीच्या मोदकांचं निमित्त होतंच!

दुसऱ्या दिवशी दुपारी बांधकामावरचा एक कामगार पायरीवर जेवताना दिसला. भात आणि पातळ सांबार. भाव वाढले तर माझ्या ताटातला एखादा पदार्थ कमी होईल. त्याच्या ताटातून काय कमी करायचं?

आईला फोनवर म्हटलं, "तूही कणगी भरून ठेवायचीसच ना?" ती म्हणाली, "कणगी सुगीत भरतात रे, बाजारात धान्य मावत नाही तेव्हा. टंचाईत भरलीस, तर ती दुसऱ्याच्या पातेल्यातून भरतोस. ७२ च्या दुष्काळात अमेरिकेच्या लाल मिलोची भाकरी खाल्ली आम्ही, पण दारी आलेल्याला अर्धी देऊन. ते जेवण गरिबाचं होतं, वाईट नव्हतं."

ऑगस्टअखेर भारताने सिंगापूरसाठी खास परवानगी दिली. सप्टेंबर २०२४ मध्ये बंदीही उठली. आमच्या दोन पिशव्यांत मात्र दिवाळीपर्यंत सोंडे झाले होते.

साठवणीला माझा आजही विरोध नाही. फक्त पिशवी उचलताना विचारतो: ही सुगी आहे की भीती? बाप्पाच्या नैवेद्याला एकवीस मोदक पुरतात. आपल्याला किती पुरतं, हे आपणच ठरवायचं.