रिपोर्ट नॉर्मल आल्यानंतर

मज्जाविकासाचे विकार आणि शारीरिक लक्षणविकार या दोन गटांतले रुग्ण मानसोपचारतज्ज्ञाकडे सहसा उशिरा पोचतात. पहिल्या गटात स्वमग्नता, एडीएचडी (लक्ष न टिकणे व अतिचंचलता), अध्ययन अक्षमता, बौद्धिक अक्षमता हे विकार येतात. दुसऱ्यात दुखणे, थकवा, धडधड, हातापायांतली ताकद जाणे अशा शरीराच्या तक्रारी असतात. मूल आधी बालरोगतज्ज्ञाकडे किंवा कानाच्या डॉक्टरकडे जाते, दुखणाईत माणूस फिजिशियनकडे. तपासण्या होतात, रिपोर्ट नॉर्मल येतात आणि वाट बहुधा तिथेच चुकते. मुलाच्या आईवडिलांना ‘बोलेल उशिरा, याचे बाबाही उशिराच बोलले’ असा दिलासा मिळतो. मोठ्या माणसाला ‘काही झालेले नाही, टेन्शन घेऊ नका’ असे सांगून घरी पाठवले जाते. दोन्ही वाक्यांमागे सद्भावना असते आणि दोन्हींपायी रुग्णाची वर्षे वाया जातात.

‘काही सापडले नाही, म्हणजे मानसिक’ ही रीत किती घातक असते, हे ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ एलियट स्लेटर यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधील नॅशनल हॉस्पिटलमध्ये ‘हिस्टेरिया’ ठरवलेल्या ८५ रुग्णांचा त्यांनी काही वर्षांनी माग काढला, तेव्हा निम्म्याहून अधिकांना शारीरिक आजार असल्याचे आढळले. पुढे चित्र पालटले. जॉन स्टोन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा १९७० नंतर अशा रुग्णांतील चुकीच्या निदानाचे प्रमाण सुमारे चार टक्क्यांवर आल्याचे दिसले.

आजचे निदान प्रत्यक्ष दिसणाऱ्या खुणांवर उभे असते. पायातली ताकद गेल्याची तक्रार असलेल्या रुग्णाला पाठीवर निजवून त्या पायाची टाच खाली दाबायला सांगतात. जोर लागत नाही. मग चांगला पाय डॉक्टरांच्या हाताविरुद्ध उचलायला सांगतात, आणि आता कमजोर पायाची टाच आपोआप जोराने दाबली जाते. अमेरिकी वैद्य चार्ल्स हूव्हर यांनी १९०८ मध्ये नोंदवलेली ही खूण आहे. मेंदूपासून पायापर्यंतचा मार्ग शाबूत आहे, मात्र लक्ष त्या पायाकडे वळले की हालचाल अडते, असा तिचा अर्थ. यात सोंग नसते. ही खूण रुग्णाला आणि घरच्यांना दाखवण्यापासूनच उपचार सुरू होतो, कारण पायात ताकद आहे हे त्यांना डोळ्यांनी दिसते. पुढचे बरेचसे काम फिजिओथेरपीचे.

दीर्घकाळच्या दुखण्यात शारीरिक लक्षणविकाराचे निदान करण्यासाठी डीएसएम-५ या अमेरिकी निदानपुस्तिकेने २०१३ मध्ये ‘वैद्यकीय कारण न सापडणे’ ही अटच काढून टाकली. लक्षण त्रासदायक असणे, त्याविषयीचे विचार, काळजी किंवा त्यात जाणारा वेळ प्रमाणाबाहेर असणे आणि ही अवस्था साधारण सहा महिन्यांहून अधिक टिकणे, एवढे पुरते. त्यामुळे हृदयविकार असलेल्या माणसालाही हे निदान लागू पडू शकते. उपचारात सर्वांत मोलाची गोष्ट साधी आहे: एकच डॉक्टर आणि ठरावीक अंतराने भेट, त्रास असो वा नसो. तारीख आधीच ठरलेली असली की डॉक्टर भेटावेत म्हणून दुखणे वाढावे लागत नाही. नवी तपासणी नवी खूण दिसली तरच करावी. जोडीला सीबीटी (विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारी मानसोपचार पद्धती), हळूहळू वाढवलेला व्यायाम आणि नैराश्य किंवा चिंताविकार असल्यास औषध.

मुलांच्या बाबतीत खुणा फार लवकर दिसू लागतात. वर्षाचे मूल हाकेला वळून पाहत नाही, दीड वर्षाचे झाले तरी विमान बोटाने दाखवत नाही, आलेले शब्द हरवतात. अशा वेळी कानांची आणि विकासाची तपासणी लगेच व्हायला हवी. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये स्वमग्नतेचे वर्णन केले आणि त्यानंतर कितीतरी वर्षे ‘माया न करणाऱ्या’ आईला दोष दिला गेला. स्वतः स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ च्या ग्रंथात तो दोष खोडून काढला. ‘आई नोकरीला जाते म्हणून’ हा आजचा आरोप त्याच जातीचा आणि तितकाच अन्यायाचा आहे. स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि आईवडिलांचे प्रशिक्षण यांना औषध हा पर्याय नाही. रिस्पेरिडोन तीव्र चिडचिड कमी करते, स्वमग्नता नव्हे. एडीएचडीत मात्र मेथिलफेनिडेटचा स्पष्ट उपयोग होतो. तिथे निदानासाठी लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी असावी लागतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत, त्यामुळे दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राला व्यवहारातही अर्थ आहे.

हे दोन गट एकाच व्यक्तीतही भेटतात. स्वमग्न व्यक्तींपैकी पुष्कळांना स्वतःच्या भावना ओळखणे आणि शब्दांत मांडणे अवघड जाते. वर्गातला गोंगाट असह्य झालेली मुलगी भीती वाटते असे म्हणत नाही. रोज सकाळी तिचे पोट दुखते. सोनोग्राफी नॉर्मल आली की तिच्या शाळेतल्या दिवसाची चौकशी व्हायला हवी. उलट चूकही होते: शरीराचा आजार स्वमग्नतेच्या खात्यावर मांडला जातो. बोलता न येणारे मूल अचानक डोके आपटू लागले, तर औषधाचा डोस वाढवण्याआधी त्याचे दात आणि कान तपासावेत, बद्धकोष्ठ आहे का ते पाहावे.