परकायाप्रवेश

तत्त्वज्ञानाची सुरुवात आश्चर्यातून होते, असं ग्रीक लोक मानत. माझी सुरुवात सायलेन्सरमधून निघालेल्या निळ्या धुरातून झाली. धुराचा रंग पांढरा असला तर पाणी, काळा असला तर पेट्रोल जास्त आणि निळा असला तर ऑइल, एवढं शास्त्र मी गेल्या चार महिन्यांत शिकलो आहे. "साहेब, इंजिन ऑइल प्यायला लागलंय," असं मिस्त्री म्हणाले. शेजारच्या वाड्यातल्या एखाद्या सज्जन गृहस्थाबद्दल बायका ज्या आवाजात हे वाक्य बोलतात, नेमक्या त्याच आवाजात. मग त्यांनी मला हँडल मारून बघायला लावलं. हँडल सुरळीत फिरलं. मला आनंद झाला. मिस्त्री म्हणाले, "तेच तर दुखणं आहे. हाताला लागायला पाहिजे. कॉम्प्रेशन म्हणून काही उरलेलंच नाही."

गाडी माझ्या काकांची. काका डॉक्टर. भोरला त्यांनी चाळीस वर्षं दवाखाना चालवला आणि ही जीप घेऊन हिरडस मावळातल्या वाड्यावस्त्या धुंडाळल्या. जीप १९६८ची, उंच बॉनेटवाली. मूळची विलीस कंपनीची सीजे-थ्रीबी, पण आपल्याकडे महिंद्रांनी बनवलेली. काकांनी ती १९७४ साली एका कंत्राटदाराकडून सेकंडहँड घेतली. १९७३च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचे भाव असे भडकले की कंत्राटदारालाही पेट्रोलची जीप परवडेना. यावरून संकट केवढं असेल याची कल्पना यावी.

ते उंच बॉनेट आहे ना, त्यामागेही एक कथा आहे, आणि ती या लेखाला फार महत्त्वाची आहे. लढाईत गाजलेल्या जीपचं बॉनेट बसकं होतं. पुढे विलीसने हरिकेन नावाचं नवं इंजिन काढलं. त्यात आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि बाहेर टाकणारे खाली ब्लॉकमध्ये, अशी दुमजली व्यवस्था. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि ते जुन्या बॉनेटखाली मावेना. इंजिन ठेंगणं करण्याऐवजी कंपनीने १९५३ साली बॉनेटच उंच केलं. म्हणजे या जीपचं जे भव्य कपाळ आपण ओळखतो, ते आतल्या इंजिनाने घडवलेलं आहे. आता ते इंजिनच काढून घेतलं तर कपाळ तेवढंच भव्य राहील, पण कशासाठी, हे कोणालाच सांगता येणार नाही. अशी माणसं मी सभा-संमेलनांत व्यासपीठावर पाहिली आहेत.

तर प्रश्न असा : हेच इंजिन उघडून रिबोअर करायचं, की ते काढून डिझेल इंजिन बसवायचं?

मिस्त्रींचा कल डिझेलकडे. त्यांच्या ओळखीत मॅटाडोरचं एक चांगलं इंजिन आहे. एक अ‍ॅडॅप्टर प्लेट, नवे माउंटिंग, मोठा रेडिएटर, आणि "मग घाटात बघा साहेब, तिसऱ्यातच चढेल." हे काही नवं खूळ नव्हे. पेट्रोल महागल्यावर हजारो जीपगाड्यांची अशी शस्त्रक्रिया झाली आणि पुढे तर खुद्द महिंद्राच्या जीपमध्येच प्यूजोच्या नमुन्याचं डिझेल इंजिन आलं. माझ्या मुलाचं मत तिसरंच. तो म्हणतो, "बाबा, एवढ्या खर्चात नव्या थारचं डाउन पेमेंट होईल." बायकोचं मत असं की, त्या खर्चात स्वयंपाकघर होईल. दोघांचाही हिशेब बरोबर आहे. म्हणूनच मी तत्त्वज्ञानाकडे वळलो.

इंजिन बदललं तर ती काकांची जीप राहते का? प्रश्न जुना आहे. अथेन्सच्या लोकांनी थीसियसचं जहाज जपून ठेवलं होतं. कुजलेली फळी काढायची, नवी बसवायची, असं करता करता सगळं जहाज नवं झालं आणि तत्त्ववेत्ते भांडत बसले की हे जहाज तेच की दुसरं. ही हकिगत प्लुटार्कने लिहून ठेवली आहे. सतराव्या शतकात इंग्लंडच्या हॉब्जने त्यात आणखी काडी टाकली : समजा, कोणी ते काढलेल्या फळ्या गोळा करून त्यांचं दुसरं जहाज बांधलं, तर खरं कुठलं? हॉब्जला जुना बाजार चांगला ठाऊक असावा.

पण आपण ग्रीसला कशाला जायचं? आपल्याकडे पाली भाषेतल्या मिलिंदपञ्हात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला हेच विचारतो, आणि तेही रथाबद्दल. जहाजापेक्षा रथ जीपला जवळचा. रथ म्हणजे आस का? नाही. चाकं का? नाही. जू का? नाही. सगळं एकत्र आलं की व्यवहारापुरतं दिलेलं नाव म्हणजे रथ. तसंच नागसेनही एक नावच, आत 'नागसेन' असा कोणी बसलेला नाही.

मी नागसेनाची ही पद्धत जीपला लावून पाहिली. हूड तीनदा बदललं. टायरांची गणती नाही. तळाचा पत्रा पावसाने खाल्ला, तो नवा. कार्ब्युरेटर दुसरा, डायनामो जाऊन अल्टर्नेटर आला, वायरिंग नवं, सीटा रेक्झिनच्या, स्टिअरिंग बॉक्स बहुधा एका हुतात्मा झालेल्या जीपमधला. मूळ उरलं ते म्हणजे चेसिस, काचेची चौकट आणि इंजिनाचा ब्लॉक. त्या ब्लॉकचंही दोन-तीनदा बोअरिंग झालेलं आहे. साठचे पिस्टन आता बसलेले आहेत, म्हणजे मूळ मापापेक्षा इंचाचे साठ सहस्रांश मोठे. त्यापुढे भोक मोठं करायला लोखंडच शिल्लक नाही. आता करायचं तर स्लीव्ह घालायची. म्हणजे ज्याला मी 'मूळ इंजिन' म्हणून गहिवरतो आहे त्याचंही आतून बरंच झिजून गेलेलं आहे. साठी उलटलेल्या कुठल्याही माणसाला हे वर्णन ओळखीचं वाटेल.

गीतेतला जुन्या वस्त्रांचा दाखला मी मिस्त्रींना ऐकवला. ते शांतपणे पाना पुसत म्हणाले, "त्यात आत्मा तोच राहतो आणि कपडे बदलतात ना साहेब? इथे कपडे तेच ठेवून आत्मा बदलायचाय." मी गप्प झालो. याला आपल्याकडे परकायाप्रवेश म्हणतात. शंकराचार्य अमरू राजाच्या देहात शिरले होते, असं सांगतात. दरबारी लोकांना राजा तोच दिसत होता, पण राण्यांना काहीतरी बदलल्याचा संशय आला. जीपच्या बाबतीत राण्या कोण, एवढंच शोधायचं राहतं.

आणि त्या आहेत. हिरडस मावळात अजून असे लोक आहेत ज्यांना या जीपचा आवाज पाठ आहे. पावसाळ्यातल्या रात्री निरोप गेला की घरातले कान देऊन बसायचे. खिंडीखाली गाडी दुसऱ्यात पडल्याचा आवाज आला की चूल पेटवून पाणी ठेवायचं, असा एका वस्तीवरचा रिवाजच होता. तिथल्या एका आजींनी मला सांगितलं, "डाक्टर यायच्या आधी त्येंची गाडी यायची, आन् ती आली की अर्धं दुखणं उतरायचं." आता या आजींना मॅटाडोरचा आवाज ऐकवायचा आणि डॉक्टरांचीच गाडी आहे म्हणून सांगायचं, हे मला खोटी नोट चालवल्यासारखं वाटत होतं.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. आजींना जीप आवडायची ती तिच्या व्हॉल्व्हच्या रचनेमुळे नव्हे. ती पोचायची म्हणून. आज ती घाट चढत नाही. मग न पोचणारी मूळ जीप ही जास्त काकांची, की पोचणारी बदललेली? मी म्हटलं, ठरलं. वस्तूची ओळख म्हणजे तिचं काम. काम चालू राहिलं की वस्तू तीच. नागसेनापेक्षा एक पायरी पुढे गेल्याच्या आनंदात मी दोन दिवस काढले.

तिसऱ्या दिवशी काकांकडे गेलो. काका आता शहाऐंशी वर्षांचे आहेत. डोळ्यांतली भिंगं बदललेली, उजवा खुबा धातूचा, छातीत पेसमेकर. दवाखाना बंद होऊन पंधरा वर्षं झाली. हात थरथरतो, इंजेक्शन धरवत नाही. चहाचा कप ते दोन्ही हातांनी उचलत होते आणि माझं तत्त्वज्ञान माझ्याच गळ्यात अडकलं. काम म्हणजेच ओळख, असं असेल तर हे समोर बसलेले कोण? गावात अजून त्यांना 'डॉक्टर' म्हणतात, ते काय नुसतं व्यवहारापुरतं? जो सिद्धांत जीपला मॅटाडोर बसवतो तो काकांना कुठे बसवतो, याचा विचार मी केला आणि तो सिद्धांत तिथेच टाकून दिला. यंत्राला 'तू कशासाठी?' विचारता येतं. माणसाला तो प्रश्न विचारायचा नसतो, आणि माणसाबरोबर पन्नास वर्षं राहिलेल्या यंत्राला विचारतानाही जीभ थोडी अडखळते, ती यंत्रासाठी नव्हे.

जीप जन्मली त्या वर्षीची गोष्ट काकांनी काढली. १९६७च्या डिसेंबरात केपटाउनला डॉ. बर्नार्ड यांनी पहिल्यांदा माणसाचं हृदय बदललं आणि दोन-अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८मध्ये, मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी तेच करून पाहिलं. तो रुग्ण काही तासच जगला. "आम्ही तरुण डॉक्टर रात्र रात्र त्यावर बोलायचो," काका म्हणाले. "पण हृदय बदलल्यावर माणूस तोच राहतो का, हे कोणी विचारल्याचं आठवत नाही. तो उद्या सकाळी उठेल का, एवढंच सगळे विचारत होते."

मग मी मुख्य मुद्द्यावर आलो. आमच्या घराण्यात एक दंतकथा आहे. सगळे जीपवाले डिझेल बसवत असताना काकांनी तसं केलं नाही, कारण डिझेलच्या हादऱ्यांनी पेशंटला त्रास होईल. शिवाय त्या इंजिनाने त्यांना कधी दगा दिला नव्हता. या निष्ठेवर माझ्या आत्याने पंच्याहत्तरीच्या समारंभात भाषण केलं होतं. मी विचारलं, "काका, तुम्ही तेव्हा डिझेल का नाही बसवलं?"

"पैसे नव्हते रे," काका म्हणाले.

मी म्हटलं, "मग आता बसवू?"

"तुला ती कुठे न्यायची आहे?"

वरवर साधा प्रश्न. पण मी प्लुटार्कपासून शंकराचार्यांपर्यंत हिंडून आलो आणि हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मला ती कुठे न्यायची आहे? मध्यरात्री कोणी बाळंतीण अडलेली नाही. मला दिवाळीत भोरला जायचं आहे, आणि जमलं तर काकांना शेजारी बसवून भाटघरच्या पाण्यापर्यंत. त्याला तिसऱ्या गिअरात घाट चढणारं इंजिन लागत नाही. आपण बहुतेक लोक ज्या कामासाठी मोठं इंजिन घेतो ते काम आपल्याला कधी पडतच नाही, हे मी मुलाला सांगणार होतो. पण त्याच्या थारचं बुकिंग तोवर झालेलं होतं.

या प्रकरणात सरकारचंही एक मत आहे, आणि ते नागसेनापेक्षा स्पष्ट आहे. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी काढा आणि आरसीवर नोंद करा, असं मोटार वाहन कायदा सांगतो. शिवाय २०२१ सालापासून व्हिंटेज गाड्यांचा नियम आहे : पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली हवीत आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. तसं असलं की गाडीला मानाची वेगळी नंबरप्लेट मिळते. फक्त ती गाडी मग रोजच्या कामाला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. म्हणजे अस्सल राहायचं तर काम करायचं नाही, आणि काम करायचं तर अस्सलपणाचा आग्रह सोडायचा. निवृत्त माणसाच्या सत्काराचं तत्त्वही मला नेहमी हेच वाटत आलं आहे. मी त्या प्लेटच्या वाटेला गेलो नाही.

स्लीव्ह घालायचं ठरलं. चारही. नवे पिस्टन मूळ मापाचे, रिंगा, बेअरिंगा, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, क्रँकला हलका हात. मिस्त्री थोडे हिरमुसले, पण इंजिन उघडल्यावर खुलले. गॅरेजमधल्या पोरांना बोलावून ते त्यांना वरचे व्हॉल्व्ह आणि खालचे व्हॉल्व्ह दाखवत होते. "हे असलं परत बघायला मिळणार नाही," असं त्यांनी तीनदा बजावलं. एका पोराने मोबाइलवर फोटो काढले. ब्लॉक लेथवाल्याकडे गेला आणि बॉनेटखाली नुसती पोकळी राहिली. तिच्याकडे मी फार वेळ पाहिलं नाही.

एक भानगड मात्र शिल्लक आहे. साताऱ्याचे एक गृहस्थ आहेत. त्यांच्याही वडिलांची अशीच जीप, तिच्यात त्यांनी १९८०च्या सुमारास डिझेल बसवलेलं. आता त्यांना ती पुन्हा अस्सल करायची आहे आणि हरिकेन इंजिन हवं आहे. माझं इंजिन निघणार अशी बातमी त्यांना मिस्त्रींकडूनच लागली असावी. मी देणार नाही, असं सांगितलं. तर म्हणाले, "निदान तुमचे जुने पिस्टन तरी द्या." मी विचारलं, साठचे झिजलेले पिस्टन घेऊन काय करणार? तर म्हणाले, "टेबलावर ठेवीन." हॉब्ज फळ्या गोळा करणाऱ्याबद्दल लिहितो, पण तो त्या टेबलावर ठेवील अशी शक्यता त्याच्या ध्यानात आलेली दिसत नाही. गृहस्थ दर रविवारी फोन करतात. चार पिस्टन आहेत. दोन द्यावेत असं माझ्या मनात आहे. एक मिस्त्रींनी आधीच अ‍ॅशट्रे करायला नेला आहे, आणि उरलेला काकांनी मागितला. कशाला, ते मी विचारलं नाही.