मेरी अ‍ॅन इव्हान्सचा नकार: पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

श्रद्धा उरली नाही हे भाविक ख्रिस्ती घरात सांगावे कसे, या पेचाचे एक तपशीलवार नोंदलेले उदाहरण मेरी अ‍ॅन इव्हान्सचे आहे. पुढे ती जॉर्ज एलियट या नावाने कादंबरीकार म्हणून गाजली. २ जानेवारी १८४२ रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, कॉव्हेंट्रीच्या ट्रिनिटी चर्चमधील उपासनेला तिने वडिलांबरोबर जायचे नाकारले. वडील रॉबर्ट इव्हान्स न्यूडिगेट या जमीनदार घराण्याचे कारभारी. ते विधुर होते आणि घर ही धाकटी लेकच सांभाळत होती. तिचे लग्न जमावे म्हणूनही आदल्या वर्षी त्यांनी शहरालगतच्या फोल्सहिलला बिऱ्हाड हलवले होते.

या नकाराचा वाद आपल्या शास्त्रग्रंथांच्या रीतीने मांडता येतो.

पूर्वपक्ष म्हणतो: पटत नसेल तर मनात ठेवावे. बाकावर तासभर बसल्याने बुद्धी बाटत नाही. उलट जागा रिकामी राहिली की गाव बोलते, आणि बोल लागतो तो म्हाताऱ्या बापाला.

उत्तरपक्ष: उपासना म्हणजे नुसते बसणे नव्हे. तिथे सर्वांबरोबर मतांगीकार, म्हणजे आपल्या श्रद्धेची जाहीर कबुली, म्हणायचा असतो. जे खरे वाटत नाही ते देवासमोर मोठ्याने म्हणणे हा ढोंगीपणा, आणि तो खपवून घेणारा बाप लेकीला ओळखतच नाही.

पूर्वपक्ष: मग कारणे सांग.

इथेच बहुतेक घरांत गाडी अडते. मेरी अ‍ॅनकडे कारणांची वाण नव्हती. ख्रिस्ती धर्माच्या उगमावरचे चार्ल्स हेनेल यांचे १८३८ मधील पुस्तक तिने वाचले होते. २८ फेब्रुवारीला, एकाच घरात राहून, तिने वडिलांना पत्र लिहिले. पवित्र शास्त्र हा सत्य आणि कल्पित यांचा मिसळलेला इतिहास वाटतो, येशूची नैतिक शिकवण आदरणीय वाटते, पण तिच्यावर रचलेले सिद्धांत मान्य नाहीत, एवढे त्यात आहे. पण पत्राचा मोठा भाग पैशाचा आणि घराचा आहे: आपल्यासाठी खर्च नको, आपला वाटा हवा तर भावंडांना द्यावा, वडिलांची इच्छा असेल तर आपण वेगळे राहू. वडिलांना खरे दुखले कुठे हे तिने ओळखले होते. पत्राचा हाच भाग अधिक शहाणा म्हणावा लागेल. घरच्यांच्या बाजूने मात्र विद्वान धर्मोपदेशक तिची समजूत घालायला आले. श्रद्धा हा जणू हुकलेला हिशेब होता आणि जाणकाराने तो दुरुस्त करायचा होता. वडिलांनी घर सोडायची तयारी चालवली, ती काही आठवडे भाऊ आयझॅककडे ग्रिफला जाऊन राहिली.

मे महिन्यात तह झाला. तिने चर्चला यावे; तिथे मनात काय चालते ते कोणी विचारू नये.

पूर्वपक्ष विजयाने विचारील: मग चार महिने घर का जाळले? तेच बसणे, तोच बाक.

उत्तरपक्ष: तेच नव्हे. जानेवारीत तिचे बसणे होकार समजले गेले असते. मेनंतर घरात कोणीही तसे समजू शकत नव्हते. ढोंगाला फसणारा माणूस लागतो. तो आता उरला नव्हता.

हे उत्तर घरापुरते टिकते. शेजारच्या बाकांवरच्यांना तह ठाऊक नव्हता, त्यांच्या लेखी ती भाविकच. उत्तरपक्षाची ही फट बुजत नाही. तिने स्वतः १८४३ मध्ये सारा हेनेल या मैत्रिणीला लिहिले की माणसांना जोडते ते मतांचे ऐक्य नव्हे, भावनेचे सत्य. उतारवयात, थोड्या समजुतीने वडिलांशी झालेला संघर्ष टळला असता, अशी खंतही तिने बोलून दाखवली. पण मते मागे घेतली नाहीत. येशूच्या चरित्राची चिकित्सा करणाऱ्या डेव्हिड श्ट्राउस यांच्या जर्मन ग्रंथाचा तिचा अनुवाद १८४६ मध्ये निघाला, अनुवादकाच्या नावाविना. वडील १८४९ मध्ये वारले. अखेरच्या आजारात त्यांची शुश्रूषा तिनेच केली.