पांढरीखालची जमीन

जुन्या गावरचनेत जमिनीला दोन रंग होते. पिकते ती काळी, वस्तीची ती पांढरी. काळीची पारख शेतकऱ्याला तोंडपाठ: ओल किती धरते, ज्वारी साधेल की हरभरा. पांढरीबद्दल पाण्याची सोय आणि पुराचं भय एवढंच पाहिलं जाई. ती हलेल, हे कुणाच्या मनात येण्याचं कारणच नव्हतं. दख्खनच्या कातळावर आपला फार भरवसा. भूकंप हिमालयाचे, आसामचे, कच्छचे.

देशाचा भूकंप-विभागांचा नकाशाही बराच काळ हेच सांगत होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झालं, तोवर तो भाग जवळजवळ निर्धोक मानला जाई. १९७० च्या नकाशात तो एकदम चौथ्या विभागात गेला. लातूर जिल्ह्यातली किल्लारी १९८४ च्या नकाशात पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होती. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, पहाटे चारच्या आत जमीन हलली आणि हजारो माणसं घरांखाली गेली. २००२ मध्ये पहिला विभागच रद्द झाला, किल्लारीचा परिसर तिसऱ्यात आला. म्हणजे नकाशा भूकंपाच्या मागून चालत होता. यात मी नकाशा करणाऱ्यांना दोष देत नाही. त्यांच्या हाती नोंदी होत्या त्या शे-दोनशे वर्षांच्या, आणि कातळातला ताण हजारो वर्षं साठत राहतो. चूक वाचणाऱ्यांची, आपली. फिकट रंगाचा अर्थ ‘इथे फारसं नोंदलेलं नाही’ इतकाच होता. आपण तो ‘इथे काही होणार नाही’ असा लावला.

किल्लारीतल्या त्या भिंतींचा विचार मनातून जात नाही. दोन-दोन फूट जाडीच्या, दगडाच्या, चिखलात रचलेल्या. आतून एक थर, बाहेरून एक, मध्ये बारीक दगडांची भर. दोन्ही थरांना आरपार बांधणारे लांब दगड बहुधा नसतच. वर लाकडी तुळयांचं माळवद, आणि गळू नये म्हणून पावसाळ्याआधी त्यावर पुन्हा माती. उन्हापासून, चोरापासून राखणारं ते घर. भिंत जितकी जाड तितकी घराण्याची पत. हादऱ्याचा जोर मात्र वजनाच्या प्रमाणात बसतो. थर एकमेकांपासून सुटले, माळवद खाली आलं, आणि कुडाच्या हलक्या झोपड्यांतली माणसं पुष्कळ ठिकाणी वाचली. हे आठवलं की मन आजही सुन्न होतं, कारण ती घरं कुणी हलगर्जीपणे बांधली नव्हती. मायेनेच बांधली होती.

१९७१ च्या सान फर्नांडो भूकंपानंतर कॅलिफोर्नियाने पुढच्याच वर्षी कायदा केला: सक्रिय भ्रंशरेषेवर, म्हणजे कातळ तुटून सरकतो त्या रेषेवर, माणसांच्या वावराच्या इमारती उभारायच्या नाहीत आणि अशा पट्ट्यातली मालमत्ता विकताना घेणाऱ्याला तसं सांगायचं. सांगण्याचं हे बंधन मला फार मोलाचं वाटतं. आपल्या सातबाऱ्यावर धारकाचं नाव असतं, क्षेत्र असतं, बोजा असतो, विहिरीचीही नोंद होते. जमीन कोणत्या भूकंप-विभागात आहे हे नसतं. पण किल्लारीला तो कायदाही पुरला नसता. तिथला भ्रंश आधी कुणाला दिसलाच नव्हता. जी रेषा दिसत नाही ती टाळून प्लॉट पाडता येत नाहीत. तिथे भिंतीलाच सावध राहावं लागतं. कोपऱ्यांना बांधणी, दारा-खिडक्यांवरून घरभर फिरणारा सलग पट्टा, हलकं छप्पर. यांचा खर्च अंगणातल्या फरशीहून फार नसावा.

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपाचं केंद्र भुजजवळ, सर्वांत जास्त धोक्याच्या पाचव्या विभागात होतं. दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. खाली गाड्यांसाठी मोकळे खांब, वर भिंतींनी जड झालेले मजले, अशा त्यातल्या कितीतरी होत्या. २००२ च्या नकाशात अहमदाबाद तिसऱ्या विभागात होतं. पुणं आणि मुंबईही तिसऱ्याच विभागात होती. फ्लॅट पाहायला गेलेलं कुटुंब बाल्कनी कोणत्या दिशेला आहे ते विचारतं, नळाला पाणी किती वेळ येतं तेही विचारतं. येताना त्यांनी पार्किंगमधल्या त्या खांबांपाशी दोन मिनिटं थांबावं, आणि यांचं डिझाइन कोणत्या विभागासाठी केलं आहे, ते कागदावर दाखवा, असं म्हणावं.