पुरलेला संत आणि न विकले जाणारे घर

घर विकले जावे म्हणून संताची मूर्ती अंगणात उलटी पुरणे ही प्रार्थना म्हणायची की जादू, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु याचनेचे स्वरूप काय, देवावर किंवा संतावर दबाव आणण्याचा भक्ताला अधिकार आहे का, आणि मागितलेले फळ दुसऱ्या माणसाच्या पदरचे असेल तर त्या याचनेचा न्याय कसा करायचा, हे धर्मचिंतनातील जुने वाद त्या वीतभर खड्ड्यात एकत्र येतात. ही प्रथा मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आहे. तेथे घर विक्रीला काढताना ‘होम स्टेजिंग’ करण्याची, म्हणजे गिऱ्हाईक पाहायला येण्यापूर्वी घर रंगमंचासारखे मांडून ठेवण्याची, पद्धत आता व्यवसाय म्हणून स्थिरावली आहे. भिंतींवरचे कुटुंबाचे फोटो उतरवले जातात, जास्तीचे फर्निचर हलवले जाते, भिंतींना फिकट व कोणालाही न खटकणारा रंग दिला जातो आणि स्वयंपाकघरातून ताज्या बिस्किटांचा वास येईल अशीही व्यवस्था केली जाते. हेतू असा की, पाहणाऱ्याला मालकाचा संसार न दिसता स्वतःचा भावी संसार दिसावा. एवढे करूनही महिनोन्‌महिने विक्रीची पाटी हलली नाही म्हणजे अनेक विक्रेते, आणि त्यांत कॅथलिक नसलेलेही पुष्कळ, संत योसेफाची छोटी मूर्ती आणून ती त्या पाटीजवळ डोके खाली करून पुरतात. प्लॅस्टिकची मूर्ती, प्रार्थनेचे कार्ड आणि पुरण्याच्या सूचना असा तयार संच बाजारात मिळतो. तोंड घराकडे असावे की रस्त्याकडे, याविषयी सूचनांत एकवाक्यता नाही. मात्र घर विकले गेल्यावर मूर्ती उकरून काढून नव्या घरात तिला मानाची जागा द्यायची, या अटीवर बहुतेकांचे एकमत आहे.

योसेफच का, याचे उत्तर सोपे आहे. शुभवर्तमानांत तो येशूचा पालक पिता आणि हाताने काम करणारा कारागीर म्हणून येतो. बेथलेहेमात त्याच्या कुटुंबाला उताऱ्याची जागा मिळत नाही, पुढे त्याला बायकोमुलासह मिसरात पळावे लागते, आणि मत्तय व लूक यांच्या कथनात त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही. घरासाठी वणवण केलेला, अबोल, कर्ता पुरुष अशी ही प्रतिमा असल्याने घराच्या चिंतेसाठी भाविकांनी त्याच्याकडे वळावे हे स्वाभाविकच होय. नववे पायस या पोपांनी ८ डिसेंबर १८७० रोजी त्याला सार्वत्रिक चर्चचा आश्रयदाता घोषित केले. प्रथेचा उगम मात्र धूसर आहे. आविलाच्या संत तेरेसा यांनी मठासाठी जागा मिळावी म्हणून योसेफाची पदके जमिनीत पुरली होती, असे सांगितले जाते. त्यांनी १५६२ मध्ये स्थापन केलेल्या पहिल्या सुधारित मठाला योसेफाचेच नाव दिले हा इतिहास आहे, पदकांची गोष्ट मात्र दंतकथेच्या अंगाने जाते. माँट्रियलचे ब्रदर आंद्रे यांच्याविषयीही तसेच सांगतात. माउंट रॉयलवरील ज्या जागेवर पुढे योसेफाचे भव्य प्रार्थनामंदिर उभे राहिले, ती मिळावी म्हणून त्यांनी डोंगरावर पदके ठेवली होती, अशी ही कथा. लक्षात घेण्याजोगे एवढेच की, दोन्ही कथांत संताकडे जागा मागितलेली आहे, आणि तीही स्वतःसाठी नव्हे, समुदायासाठी. असलेली जागा चांगल्या भावात खपावी ही मागणी त्या परंपरेत नंतर, घर ही कुटुंबाची सर्वांत मोठी गुंतवणूक झाल्यावर, शिरली.

गुंतवणूक म्हटली की अनिश्चितता आलीच, आणि येथे मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्हस्की यांचे निरीक्षण उपयोगी पडते. पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रिअंड बेटांवर राहून त्यांनी असे नोंदवले की, खाडीच्या शांत पाण्यात, जेथे मासे हमखास मिळतात, तेथे कोळी मंत्रतंत्र करीत नाहीत. खुल्या समुद्रातील मासेमारीत, जेथे जीव आणि मिळकत दोन्ही टांगणीला लागतात, तेथे विस्तृत विधी असतात. घरविक्रीतील खुला समुद्र कोणता, हे आकडे सांगतात. अमेरिकेत ३० वर्षांच्या गृहकर्जाचा व्याजदर ऑक्टोबर १९८१ मध्ये १८ टक्क्यांच्या वर गेला होता. २००६ च्या शिखरानंतरच्या पडझडीत देशातील घरांच्या किमती सरासरीने एक चतुर्थांशाहून अधिक उतरल्या. अशा वेळी फिकट रंग आणि बिस्किटांचा वास यांचे काही चालत नाही, कारण अडथळा घराच्या रूपात नसून पतपुरवठ्यात, परिसरात किंवा किमतीत असतो. पण मालिनोव्हस्कींच्या निरीक्षणाची दुसरी बाजू बहुधा विसरली जाते. ट्रोब्रिअंडचा कोळी मंत्र म्हणतो म्हणून नावेची भोके बुजवायचे सोडत नाही. जे हातात आहे ते सर्व करून झाल्यावर उरलेल्या अंधारासाठी त्याचा विधी असतो. विक्रेत्याच्या हातात शेवटपर्यंत राहणारी एक गोष्ट म्हणजे किंमत, आणि मूर्ती पुष्कळदा नेमकी ती कमी करायची पाळी येण्याच्या आधी पुरली जाते. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

आता प्रार्थना आणि जादू यांचा भेद. जेम्स फ्रेझर यांनी १८९० मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘द गोल्डन बाउ’ या ग्रंथाच्या पुढील आवृत्त्यांत तो असा मांडला की, जादू अदृश्य शक्तींना सक्तीने राबवते, तर धर्म त्यांची मनधरणी करतो. या मोजपट्टीवर संताला डोक्यावर उभे करून मातीत गाडणे ही उघड सक्ती ठरते. कॅथलिक चर्चची अधिकृत धर्मशिकवण अंधश्रद्धेची व्याख्या थोडी वेगळी करते: अंतःकरणाची वृत्ती बाजूला ठेवून केवळ बाह्य कृतीलाच फलदायी मानणे म्हणजे अंधश्रद्धा. या दोन कसोट्या एक नाहीत, आणि त्यांतील दुसरी अधिक खोल आहे. कारण सक्ती हा दोष मानला तर भक्तीच्या इतिहासातील फार मोठा भाग वगळावा लागेल. अंजूच्या काउंट फुल्क नेरा याने दहाव्या शतकाच्या अखेरीस तूर येथील संत मार्टिनच्या मठाच्या आवारात घुसखोरी केली, तेव्हा तेथील धर्मगुरूंनी संतांचे अवशेष जमिनीवर उतरवून त्यांभोवती काटे पसरले. काउंटला अखेर अनवाणी येऊन क्षमा मागावी लागली. संताचा अपमान करून त्याला अन्यायाविरुद्ध जागे करण्याचा हा रूढ विधी होता, आणि लिओंच्या दुसऱ्या परिषदेला १२७४ मध्ये त्यावर बंदी घालावी लागली, यावरूनच तो किती रुळलेला होता हे कळते. मराठी वाचकाला यात परके वाटण्यासारखे काही नाही. देव पाण्यात ठेवणे हा आज वाक्प्रचार झाला असला तरी घरातील संकट टळेपर्यंत देव्हाऱ्यातील टाक आणि मूर्ती खरोखर पाण्यात बुडवून ठेवण्याची रीत त्यामागे आहे, आणि पाऊस ओढ देतो तेव्हा गाभाऱ्यात पाणी भरून महादेवाची पिंड बुडवणारी गावे महाराष्ट्रात आहेत. या कृतींत सक्ती आहे, पण ती घरच्या माणसावर हक्काने रुसावे तशी आहे; ज्या देवाची रोज पूजा होते त्यालाच पाण्यात ठेवले जाते. पोस्टाने मागवलेल्या, आदल्या दिवसापर्यंत नावही ठाऊक नसलेल्या संताला पुरताना हा पूर्वापारचा हक्क कोठून आणायचा, हा खरा आक्षेप आहे.

मूर्तीचे तोंड नेमके कोणत्या दिशेला असावे याची चिंता जेथे संताशी असलेल्या नात्यापेक्षा मोठी होते, तेथे विचार नकळत भारतीय पूर्वमीमांसेच्या जवळ येतो. वेदविहित कर्मांचा अर्थ लावणाऱ्या या दर्शनाने, विशेषतः शबरस्वामींच्या भाष्यातील देवताविषयक अधिकरणाने, अशी भूमिका घेतली की, यज्ञातील देवतेला शरीर नाही, ती हवी खात नाही, प्रसन्न होत नाही आणि फळही देत नाही. फळ देते ते विधिपूर्वक केलेले कर्म, आणि कर्म व फळ यांच्यामधील काळ ‘अपूर्व’ नावाची अदृश्य शक्ती भरून काढते. पुरलेल्या मूर्तीच्या संचावरील सूचना तत्त्वतः याच धर्तीच्या आहेत. फरक एवढाच की, मीमांसकांनी कर्माला इतके सामर्थ्य दिल्यावर अपयशाचा हिशेबही तितक्याच काटेकोरपणे मांडला. पशुप्राप्तीसाठी केलेल्या चित्रा इष्टीनंतर पशू लगेच का येत नाहीत, हा आक्षेप त्यांनी स्वतःच उपस्थित केला. पावसासाठीच्या कारीरी इष्टीचे फळ मात्र चालू हंगामातच दिसले पाहिजे, नाहीतर त्या फळाला अर्थ नाही, हेही त्यांनी मान्य केले. न्यायसूत्रांनी पुत्रेष्टीच्या संदर्भात कर्म, कर्ता किंवा साधन यांतील वैगुण्य हे अपयशाचे कारण सांगितले. घरविक्री ही अर्थातच कारीरीच्या जातीची आहे, कारण दहा वर्षांनी आलेले गिऱ्हाईक विक्रेत्याच्या कामाचे नसते. परंतु आधुनिक संचात यशानंतर काय करायचे ते लिहिलेले असते, अपयशानंतर काय समजायचे ते लिहिलेले नसते. ज्या आठवड्यात मूर्ती पुरली त्याच आठवड्यात किंमतही उतरवली असेल, तर श्रेय कशाचे हे ठरवण्याचा मार्गही उरत नाही. विधी म्हणूनही तो अर्धवट आहे, असेच म्हणावे लागते.

प्रार्थना म्हणून त्याचा विचार करायचा तर तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस यांच्याकडे वळणे क्रमप्राप्त आहे. त्यांच्या मते प्रार्थनेने ईश्वराचा संकल्प बदलत नाही. जे प्रार्थनेच्या द्वारेच मिळावे असे ईश्वराने योजले आहे, ते मागण्यासाठी प्रार्थना असते, आणि ऐहिक गोष्टी मागायलाही हरकत नाही, फक्त त्यांना अंतिम ध्येयाचे स्थान देता कामा नये. नोकरी दुसऱ्या गावी लागलेल्या, दोन घरांचे हप्ते भरणाऱ्या कुटुंबाने योसेफाचा धावा करावा यात, या विचाराप्रमाणे, काहीही गैर नाही. अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. पाऊस मागणारा गाव कोणाकडून काही काढून घेत नाही. रोग बरा व्हावा म्हणून नवस बोलणाऱ्याचे आरोग्य दुसऱ्याच्या आरोग्यातून वजा होत नाही. घर विकले जावे या याचनेत मात्र एक अनुपस्थित माणूस गृहीत धरलेला आहे, ज्याने यावे, भुलावे आणि पैसे मोजावेत. एकाच गल्लीतील दोन विक्रेत्यांनी एकाच गिऱ्हाइकासाठी दोन योसेफ पुरले तर संताने काय करावे, हा विनोद जुना आहे, पण त्यातील प्रश्न विनोदी नाही. घर न खपण्याचे कारण अवाजवी किंमत हे असेल, तर मागितलेले वरदान स्पष्ट शब्दांत असे होते की, कोणीतरी योग्य मोलापेक्षा अधिक देण्याची चूक करावी. अशी मागणी ज्याच्या पुढे करायची, तो स्वतः श्रमाचे दाम मिळवून जगलेला कारागीर असावा, यात थोडा उपरोधही आहे.

या अनुपस्थित माणसाचा विचार सिसेरोने इसवी सनपूर्व ४४ मध्ये लिहिलेल्या ‘कर्तव्यांविषयी’ या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात केलेला आहे. त्यात पिथिअस नावाचा सिराक्यूजचा एक सावकार आपली समुद्रकाठची बाग विकण्यासाठी गावातल्या कोळ्यांना पढवून ठेवतो. कॅनिअस हा रोमन सरदार जेवायला येतो, तेव्हा बागेसमोर होड्यांची गर्दी आणि पायाशी माशांच्या राशी पाहून तो मागेल ती किंमत देऊन बाग घेतो, आणि दुसऱ्या दिवशी तेथे एक वल्हेही दिसत नाही. गृहमांडणीची ही फार जुनी आणि फार नागवी कथा होय. त्याच भागात रोगट आणि किडक्या घराचे उदाहरण येते: दोष मालकालाच ठाऊक आहेत, घेणाऱ्याला नाहीत, तर सांगावेत की नाही? बॅबिलोनचा डायोजिनीस म्हणतो की, कायदा मागतो तेवढे सांगितले म्हणजे पुरे, घेणाऱ्याला डोळे आहेत; त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो की, माणसामाणसांतील बंधामुळे सर्व काही सांगणे भाग आहे. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूने कौल देतो. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत घराचे ज्ञात दोष लेखी जाहीर करण्याची तरतूद आता असल्याने कायदाही त्या दिशेने सरकला आहे, असे म्हणता येईल. फिकट रंगाची भिंत आणि पढवलेले कोळी एकाच पारड्यात टाकणे अन्यायाचे होईल; स्वच्छ मांडलेले घर खोटे बोलत नाही. पण मांडणी पाहणाऱ्याच्या डोळ्यांशी बोलते, मूर्ती स्वर्गाशी बोलते, आणि या दोन संभाषणांत घेणाऱ्याशी थेट, माणूस म्हणून, काही बोलायचे राहून जाण्याचा संभव असतो. ते बोलणे दोषांच्या कबुलीत आणि किमतीतच होते.

म्हणूनच मूर्ती पुरावी की नाही यापेक्षा मागावे काय, हा प्रश्न धर्मदृष्ट्या महत्त्वाचा ठरतो. काही कॅथलिक धर्मगुरू विक्रेत्यांना मूर्ती न पुरता घरातच सन्मानाने ठेवण्याचा सल्ला देतात; त्याने अवमानाचा आक्षेप दूर होतो, याचनेचा आशय मात्र होता तसाच राहतो. विक्रेत्याच्या प्रार्थनेत येणाऱ्या कुटुंबाचाही समावेश झाला, म्हणजे त्यांना परवडेल अशा दामात, ठाऊक असलेले दोष ठाऊक करून देऊन, हे घर त्यांच्या हाती जावे असे मागितले गेले, तर तिचे रूप पालटते, कारण अशी प्रार्थना करणाऱ्याला किमतीचा आकडा पुन्हा एकदा पाहणे टाळता येत नाही. तुकारामांसारख्या संतांनी नवसाची जी टर उडवली तिचा रोखही देवाकडे मागण्यावर तितका नव्हता, जितका देवाला मध्ये घालून स्वतःचा हिशेब न तपासण्यावर होता. हिशेब तपासूनही, दाम उतरवूनही, दोष सांगूनही घर खपत नाही असे बाजार असतात. उतरलेल्या भावात घर विकून बँकेचे कर्जही फिटत नाही अशा स्थितीत २००८ नंतर लक्षावधी अमेरिकी कुटुंबे सापडली होती. त्यांच्यापैकी कोणी अंगणात खड्डा खणला असेल, तर फ्रेझरची मोजपट्टी त्यांना लावणे अप्रस्तुत आहे. तेथे ट्रोब्रिअंडच्या कोळ्याची नाव डागडुजी होऊन खरोखरच समुद्रात उतरलेली होती.