परका कोण?

दत्तप्रभू स्नानाला काशी, भिक्षेला कोल्हापूर, निद्रेला माहूरगड असे रोज फिरतात, अशी आपली श्रद्धा. अवधूताला कोणी गाव विचारीत नाही.

माणसाला मात्र विचारावे लागते. विनापरवाना आलेल्याला परत पाठवणे हा सरकारचा हक्कच, त्यात वाद नाही. पण जून २०२५ मध्ये मीरारोड-मुंबईकडे कामाला असलेले पश्चिम बंगालचे काही मजूर बांगलादेशी ठरवून सीमेपलीकडे सोडले गेले. ते निघाले भारतीय! मग परत आणावे लागले.

१९४६ च्या कायद्यापासून, आपण परके नाही हे सिद्ध करायचा भार त्या माणसावरच आहे. बँकेत कागद अपुरा असला तर आम्ही ‘चार दिवसांनी या’ म्हणायचो, गावाबाहेर नाही काढायचो. नीट चौकशी झाली असती तर ते मजूर पलीकडे गेलेच नसते.

त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेने १०४ भारतीयांना बेड्या घालून लष्करी विमानाने अमृतसरला पाठवले, त्यात तिघे महाराष्ट्राचे, तेव्हा आपण किती हळहळलो!

आपले शहापूर-मुरबाडचे कातकरी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. कित्येकांची जन्मनोंदही नाही. कोणी अडवले तर दाखवणार काय? बोली इथली म्हणून सुटतील. त्या मजुरांची बंगाली होती.