कोणत्या नावाने हाक मारावी?

तळोदा तालुक्यातील एका पाड्यावरून एक आई आपल्या तरुण मुलाला घेऊन आमच्याकडे आली होती. मुलगा सुरतेला कामाला. सुट्टीत घरी आला असता चुलीपुढे बसून तो आईला म्हणाला होता, 'मी गे आहे.' घरातली बोली भिली, मराठी शाळेतून आलेली, आणि हा शब्द तर तिसऱ्याच भाषेतला. "भाऊ, हे आजाराचं नाव आहे का?" एवढेच तिने विचारले.

आम्ही मराठी शब्द सांगितला : समलिंगी. त्यातले 'लिंग' तेवढे तिच्या कानी पडले आणि तिने पदर तोंडाशी नेला. मुलाने मान खाली घातली. त्याने इंग्रजी शब्द का निवडला, हे आम्हाला त्या क्षणी उमगले. आपल्या मराठीत देह, व्याकरण आणि माणसाची ओळख या तिन्ही ठिकाणी एकच शब्द राबतो. अभ्यासकांनी 'लिंगभाव', 'लैंगिक कल' असे शब्द घडवले खरे. पण ते परिसंवादाच्या मांडवाबाहेर फारसे पडलेले नाहीत. गावात जे शब्द चालतात, ते शिवीचे. 'गे' हा शब्द निदान त्याच्या अंगावर कोणी फेकलेला नव्हता.

शब्द परका म्हणून गोष्टही परकी, असे आपल्यातील पुष्कळजण म्हणतात. पण आपला 'नाताळ' आणि 'पाद्री' पोर्तुगीजांकडून आले, 'बाप्तिस्मा' मूळचा ग्रीक. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली 'ख्रिस्तपुराणा'त स्वर्गासाठी शेजाऱ्यांचे 'वैकुंठ' घेतले. इंग्रजीतला 'होमोसेक्शुअल' हा शब्द तरी कुठे इंग्रजांचा? कर्टबेनी नावाच्या लेखकाने १८६९ मध्ये जर्मन पत्रकात तो प्रथम छापला. अर्धा ग्रीक, अर्धा लॅटिन. आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली विमानात पत्रकारांशी बोलताना, अशा माणसाचा न्याय करणारा मी कोण, असे विचारले, तेव्हा त्यांच्या इटालियन वाक्यातही 'गे' हाच शब्द होता.

एल, जी, बी, टी, क्यू अशी लांबत जाणारी अक्षरांची माळ पाहून आम्हालाही वैताग येतो, हे कबूल करावे लागेल. अख्खा माणूस एका अक्षरात कोंबला जाईल की काय, अशी भीती वाटते. तरीही या परिभाषेतील एक भेद आम्हाला मोलाचा वाटतो. 'मी कोण आहे' हा एक प्रश्न, आणि 'माझे मन कोणाकडे ओढ घेते' हा दुसरा. आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील विजया वसावे राज्यातील पहिल्या तृतीयपंथी वनरक्षक म्हणून वृत्तपत्रांत झळकल्या. त्या स्वतःला स्त्री मानतात. आमच्यापुढे बसलेल्या मुलाला आपण पुरुष आहोत याविषयी कधी शंका आली नव्हती. गाव मात्र दोघांना एकाच शब्दात मोजते. सर्वोच्च न्यायालयालाही हे दोन प्रश्न दोन वेगळ्या निकालांत हाताळावे लागले : १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांच्या ओळखीचा, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ चा. जो जे नाही, ते त्याला म्हणणे ही आठव्या आज्ञेतली खोटी साक्षच, असे आमचे मत आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण आम्ही झाकून ठेवीत नाही. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने समलिंगी कृत्यांना मान्यता दिलेली नाही. तिथेच अशा व्यक्तींचा आदराने, करुणेने आणि हळुवारपणे स्वीकार करावा असेही सांगितले आहे. पण ज्याचा स्वीकार करायचा, त्याने आपण कोण हे सांगायचे तरी कोणत्या शब्दांत? यशया संदेष्ट्याच्या छप्पन्नाव्या अध्यायात परमेश्वर षंढाला पुत्र आणि कन्या यांच्याहूनही थोर नाव देऊ करतो. तो उतारा मोठ्याने वाचताना 'षंढ' या शब्दापाशी आमची जीभ दर वेळी अडखळते.

त्या दिवशी शेवटी मुलगाच बोलला, भिलीत, एकच वाक्य. आम्हाला अर्धेमुर्धे कळले : बाईमाणसाशी मला संसार करता यायचा नाही, माझे मन तसे घडलेलेच नाही. आईला सगळे कळले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हातारपणी याला भाकर कोण देईल?" त्यावर आमच्यापाशी कोणत्याच भाषेत उत्तर नव्हते.

मुलगा सुरतेला परत गेला. ती रविवारी मिस्सेला येते. बायका लग्नाचे विचारतात, तेव्हा 'तो करायचं नाही म्हणतो' एवढेच सांगते. त्यावरून तो सेमिनरीत जाणार, फादर होणार, असा बोलबाला झाला आहे आणि काहींनी तिचे अभिनंदनही केले. ती कोणाला दुरुस्त करीत नाही. आम्हीही करीत नाही. ही खोटी साक्ष ठरते का, याचा निर्णय आम्हाला अजून करता आलेला नाही.